मधल्या घरचा डबा

त्या दोन देशांमध्ये समेट झाला त्या दिवशी सगळ्या जगात वाईट कुणाला वाटलं असेल तर मला. वरून मी टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले. पण आत जे काय झालं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला थोडंफार कळलं होतं, पण तो पुण्याचा. दुसऱ्याचं दुखणं ऐकून घेण्याआधी ते दुखणं बरोबर आहे का, हे तपासायची त्याला सवय. त्यामुळे त्यालाही पूर्ण सांगितलं नाही.

आधी घराचं सांगते, अमेरिकेतल्या. अ‍ॅशबर्नमध्ये आम्ही राहतो ती टाउनहाउसची रांग आहे, भिंतीला भिंत लागून. आमच्या डावीकडे राहते ती इथिओपियाची. उजवीकडे राहते ती इरिट्रियाची. मध्ये आम्ही. घर घेतलं तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शाळा, ग्रोसरी आणि किचन बघितलं, नवऱ्याने इंटरेस्ट रेट बघितला. शेजाऱ्यांचा इतिहास बघून घर कोण घेतं? मला तर इरिट्रिया नावाचा देश आहे हेही माहीत नव्हतं.

ते डावीकडचीने पहिल्याच महिन्यात सांगितलं. एकच देश होता, त्याचे दोन झाले, मग सरहद्दीवरच्या एका गावावरून युद्ध झालं, हजारोंनी माणसं मेली. तिचा मोठा भाऊ त्यात गेला. उजवीकडचीचं पुढे तिच्याकडूनच कळलं, ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचा जन्म इथिओपियातला, शाळा तिथली, पण युद्ध लागल्यावर तिच्या घरच्यांना एका दिवसात सामान बांधायला लावून सरहद्दीपलीकडे हाकललं. म्हणजे भाऊबंदकीच ती, फक्त देशांची. लढाई थांबून कितीतरी वर्षं झाली होती, पण मनं काही जुळली नव्हती. इकडून तिकडे फोन लागत नव्हता, विमान जात नव्हतं. आणि अ‍ॅशबर्नच्या आमच्या रांगेत या दोघी एकमेकींकडे न बघता गाड्या काढत होत्या.

मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते. काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. नवरा सकाळी त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरमध्ये शिरायचा तो संध्याकाळी बाहेर पडायचा. मी दिवसभर घरात एकटी, मुलीशी आणि प्रेशर कुकरशी बोलायची. मराठी मंडळात जायची, पण तिथल्या बायका एकमेकींना इतक्या वर्षांपासून ओळखत होत्या की मधे घुसायला फटच नव्हती. अशा वेळी डावीकडची भेटली. ती नर्स. मुलीला ताप चढला तेव्हा नाइटीवर धावत आली. मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तिने मला गाडी शिकवली, आणि मी तिची गाडी खांबाला घासली तेव्हा एवढी हसली की मला रडता आलं नाही. संध्याकाळी कामावरून आली की दारातून गाडीचा हॉर्न दोनदा वाजवायची, म्हणजे मी आले, चहाला ये. या देशात माझी म्हणावी अशी ती एकच होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते यापायीच.

आमच्यात एक डबा फिरायचा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, माझ्या आईचं नाव घातलेला. आईने नागपूरहून निघताना दिला होता. मी पहिल्यांदा त्यातून तिला चिवडा दिला, तर तिने तो स्वच्छ धुऊन, पुसून, चकचकीत करून परत आणला. रिकामा. मी तेव्हाच सांगितलं, बाई गं, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. आईने आम्हाला लहानपणी याच्यावरून पाठीत धपाटे घातलेले. तिला ही रीत इतकी आवडली की त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. भाजलेल्या कॉफीच्या बिया, मसुराची तिखट उसळ, एकदा घरात काहीच नव्हतं तर दोन लिंबं. डब्यावर काय लिहिलंय असं तिने विचारलं, मी म्हटलं माझ्या आईचं नाव. त्यावर तिने बोट फिरवून बघितलं होतं.

उजवीकडचीशीही माझं बरं होतं. ती एका डेंटिस्टकडे कामाला. कमी बोलायची, हसायची छान. दिवाळीत तिलाही फराळ जायचा. आणि खरं सांगू, मला ते मधलं घर फार मानवलं होतं. डावीकडचीचं पार्सल चुकून उजवीकडे गेलं की ते माझ्याकडे यायचं. उजवीकडच्या झाडाची फांदी डावीकडे झुकली की निरोप माझ्यातर्फे. बर्फ पडला की दोघी आपापल्या बाजूने आमच्या मेलबॉक्सपर्यंत फावड्याने रस्ता मोकळा करायच्या आणि तिथेच थांबायच्या. मधला बर्फ आमचा. मी तो उपसायची आणि मनात म्हणायची, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. दोन्हीकडून मान. असा मान मला माहेरी नाही, सासरी नाही, कुठेच मिळाला नव्हता.

मग डावीकडचीची आई वारली, तिकडे, त्यांच्या राजधानीत, अदिसमध्ये. हिला लगेच जाता येईना. तिच्या घरी तिच्या लोकांची रीघ लागली, दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यांच्यात दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, बाहेरून अन्न येतं. आपल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजवीकडची माझ्या दारात आली. तिने खिडकीतून चपला बघितल्या होत्या. हातात माझाच डबा, दिवाळीपासून तिच्याकडे होता. आत त्यांच्याकडचा तो जाड, गोल पोळीसारखा ब्रेड, वेलदोडा घातलेला, वर सुरीने चाकासारखी नक्षी काढलेली. डब्यात बसावा म्हणून चार तुकडे केले होते. ती म्हणाली, "हा तिला दे. माझं नाव सांग. नको म्हणाली तर परत आण, मला वाईट वाटणार नाही."

माझ्या दारापासून डावीकडच्या दारापर्यंत फार तर पंधरा पावलं. तेवढ्यात मी ठरवलं. मी स्वतःला सांगितलं की घर माणसांनी भरलंय, भाऊ युद्धात गेलेला, नाव काढलं तर कुणीतरी भडकेल. हे सगळं मी मागाहून रचलेलं. खरं काय वाटलं ते सांगते. वाटलं, डावीकडचीने हा ब्रेड घेतला तर ती थँक्यू म्हणायला उजवीकडे जाईल. मग दोघी बोलतील. मग मी कशाला?

डावीकडची काळ्या कपड्यांत जमिनीवर बसली होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी डबा उघडला, तिने वास घेतला, एक तुकडा मोडला आणि खाल्ला. बाकीच्या बायका बघतच राहिल्या. मग तिने विचारलं, कुठून आणलास, आमच्या गल्लीत एक बाई अस्सा करायची. मी म्हटलं, मिळाला एका ठिकाणी. नरो वा कुंजरो वा. तिने मला मिठी मारली, म्हणाली, माझी सख्खी बहीणही एवढं करणार नाही. आणि मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेतलं काय, गटागटा प्याले.

उजवीकडचीला सांगितलं, दिला. ती दारातच थांबली, काही म्हणाली का, असं विचारलं. मी म्हटलं, रडत होती. हेही खोटं नव्हतं. तिने मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

असंच तीन वर्षं चाललं. मुलगी शाळेत जायला लागली, मला काम करायची परवानगी मिळाली, एका ऑफिसात अकाउंट्समध्ये लागले, पण संध्याकाळचा दोनदा हॉर्न काही चुकला नाही. ब्रेडची गोष्ट मी विसरले होते. विसरले म्हणजे, ती आठवली की पटकन दुसरं काही आठवायची.

आणि मग उन्हाळ्यातल्या एका सुट्टीच्या सकाळी दोन्ही देशांचे प्रमुख एकमेकांना मिठी मारताना फोनवर दिसले. कागदावर सह्या झाल्या. युद्ध संपलं असं जाहीर झालं. फोन सुरू झाले, आणि म्हणे लोक पलीकडच्या देशात कुठलाही नंबर फिरवत होते, कुणाचा का असेना, नुसतं बोलायला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. बाहेर आवाज आला म्हणून दार उघडलं, तर डावीकडची हॉस्पिटलच्या कपड्यांत, उजवीकडची हातात झाडांना पाणी घालायची झारी घेऊन, आणि दोघी आमच्या ड्राइव्हवेवर. माझ्या दारासमोर. झारीतलं पाणी दोघींच्या पायांवर सांडत होतं आणि त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या.

आणि बोलत होत्या. उजवीकडचीला डावीकडचीची भाषा येते हे मला तोवर माहीतच नव्हतं. येणारच की, चौदा वर्षं तिथे वाढलेली. पण इतक्या वर्षांत तिने ती कधी तोंडातून काढली नव्हती, आणि आता धो धो वाहत होती. मी दारात उभी. डावीकडचीने मला बघितलं, हात केला, मी टाळ्या वाजवल्या. त्यांना कोणी मधलं माणूस लागलं नाही. आत दूध उतू गेलं, ते पुसायच्या निमित्ताने मी दार लावून घेतलं.

त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. माझ्या दारावरून पावलं वाजायची, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कॉफी भाजल्याचा वास कधी या भिंतीतून, कधी त्या. कळलं की दोघी अदिसमध्ये दोन गल्ल्या सोडून राहायच्या. एकाच शाळेच्या बसमध्ये चढायच्या, थांबे वेगळे. आता यावर मी काय बोलणार? माझ्या गाडी शिकण्याच्या गोष्टी त्यापुढे पानी कम चाय. पहिला बर्फ पडला तेव्हा दोघींनी मिळून तिन्ही घरांपुढचा रस्ता साफ केला, आमचासुद्धा. नवरा खुश झाला. मी फावडं घेऊन बाहेर आले तर करायला काही शिल्लकच नव्हतं.

त्या मला बोलवायच्या, हे खरं. टाळत नव्हत्या. मी गेले की दोघी हसत हसत इंग्रजीवर यायच्या, आणि ते तर मला जास्तच झोंबायचं. माझ्यासाठी त्यांना बोलणं थांबवावं लागतं! मी फोनवर बघून त्यांच्या भाषेतला आभाराचा शब्द पाठ केला, सहा सात अक्षरांचा, जीभ अडखळायची. त्यांच्यासमोर म्हटला तर दोघी प्रेमाने हसल्या. लहान मुलाने बोबडं बोलल्यावर हसतात तशा. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडले. तो म्हणाला, "अगं, तुझी मैत्रीण आहे का नवरा? सवत आल्यासारखी काय वागतेस?" मुलगी म्हणाली, आई, यू आर बीइंग वीअर्ड. दोघांनाही मी चहा दिला नाही त्या दिवशी.

पण सवतच ती. मी काय काय केलं म्हणता! डावीकडची उजवीकडे जेवायला जायची असेल त्या दिवशी मी मुद्दाम पुरणपोळ्या करायची. कंबर लचकल्याचं सोंग आणलं, ती नर्स म्हणून धावत येईल म्हणून. आलीही, दहा मिनिटं दाबून दिली आणि घड्याळ बघून गेली. आणि त्या दोघी एकत्र बसणार हे कळलं की मी तिथे हटकून जायची. मत्सर तर होताच. पण त्याच्या खाली भीती होती. कधीतरी, बोलता बोलता, त्या ब्रेडचा विषय निघणार. माझ्यासमोर निघाला तर निदान मी काहीतरी सावरेन. म्हणून त्यांना एकटं सोडायचं नाही. त्यांना वाटायचं, बिचारी किती प्रेमाने येते.

हिवाळ्यात बातमी आली की सरहद्दीची उघडलेली फाटकं एकेक करून पुन्हा बंद होतायत. उजवीकडचीची मावशी बसने अदिसला जायची होती, ती अडकली. पुढे तर तिकडे उत्तरेत फार भयंकर युद्ध पेटलं, ते अजून निवलेलं नाही असं या दोघी म्हणतात. पण मी त्या पहिल्या बातमीचं सांगतेय. ती वाचली आणि माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. लाज वाटते लिहायला, पण झाल्या. म्हटलं, आता बघू. आता या दोघींचं कसं टिकतं बघू.

त्याच रविवारी दुपारी डावीकडचीने कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे सोहळा. बिया समोर भाजायच्या, कुटायच्या, लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळायच्या, शेजारी मक्याच्या लाह्या. आणि तीन कप. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. मी बघायला गेले होते की भांडण कुठवर आलंय. तर दोघी एकमेकींना लागून बसलेल्या. फाटकं बंद झाली म्हणून उजवीकडची रडली होती आणि डावीकडचीने तिचा हात धरून ठेवला होता. माझी कॉफी कडू झाली.

दुसरा कप ओतत असताना उजवीकडची बोलली. माझ्यासाठी म्हणून इंग्रजीतच बोलली.

"समेटाला नेहमी उशीरच होतो," ती म्हणाली. "तुझी आई गेली तेव्हा मी हिच्या हाताने ब्रेड पाठवला होता. तू काहीच कळवलं नाहीस. मला वाटलं, टाकून दिलास."

डावीकडचीचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, एकदाच. मला वाटलं आता सुरई माझ्या डोक्यावर येते. तिने कप खाली ठेवला.

"मिळाला होता," ती उजवीकडचीला म्हणाली. "आई गेल्यावरचा तो माझा पहिला घास. तेव्हा बोलता आलं नाही. माझं चुकलं."

माझं पाप तिने तिच्या अंगावर घेतलं आणि सुरईत तिसऱ्या वेळेचं पाणी ओतलं. मी गॅस चालू राहिलाय असं काहीतरी बडबडून उठले. तिसरा कप न घेता. तिने थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर डबा होता. आदल्या आठवड्यात मी त्यातून गाजर हलवा दिला होता. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, आईचं नाव चमकत होतं. झाकण काढलं. रिकामा. चिमूटभर साखरसुद्धा नाही. तिला रीत माहीत नव्हती असं म्हणायलाही जागा नाही, मीच शिकवलेली.

संध्याकाळी तिची गाडी आली, हॉर्न वाजला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी पडद्याआडून बघायची. एकीकडे वाटायचं, एवढं काय, एका ब्रेडचं! लगेच दुसरीकडे वाटायचं, एका ब्रेडचं नाही, आणि हे तुला चांगलं माहीत आहे. त्या दोघी तीन वर्षं आधी बोलल्या असत्या. तिकडे सह्या व्हायची वाट बघायची गरज नव्हती. अ‍ॅशबर्नमध्ये समेट तीन वर्षं आधीच झाला असता, तो मी पंधरा पावलांमध्ये गिळला.

आईला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, कुणी डबा रिकामा परत दिला तर?

"कोणाचं काय केलं तू?" आई म्हणाली. "काय करून राहिली तिथे?"

मी काही नाही म्हटलं. आईने काही ऐकून घेतलं नाही. डबा भर आणि जा, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी गूळपापडी केली. तूप सढळ हाताने घातलं, जीव ओतला. डबा भरला आणि डावीकडे निघाले. पायरीवरच पाय थांबले. आधी कुणाकडे जायचं हे डोक्यात तेव्हा आलं. जिचं नाव मी खाल्लं तिच्याकडे. मी वळले आणि उजवीकडची बेल वाजवली.

तिच्या ओट्यावर नुकताच भाजलेला ब्रेड होता, सगळं घर वेलदोड्याने भरलेलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही, डावीकडचीला वाटलं ब्रेड माझाच, आणि मी वाटू दिलं. तिने एकच विचारलं, का.

"मला भीती वाटली," मी म्हटलं. "तुम्ही दोघी बोलायला लागलात तर मला कोण विचारणार."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, तीन वर्षं मी तिच्या दाराकडे न बघता गाडी काढत होते, मला लाज वाटायची, की आपण ब्रेड पाठवला आणि तिने तो फेकला. एवढंच. माझ्या हातातला डबा घेतला, गूळपापडी आपल्या ताटात ओतली, डबा धुतला, पुसला. ओट्यावरच्या ब्रेडचे चार तुकडे केले, डब्यात रचले, झाकण लावलं. मी सवयीने हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय, दोन्हीकडचं सगळं माझ्याच हातून जायचं.

तिने डबा दिला नाही. "या वेळी मी नेते," ती म्हणाली.

ती पुढे, मी मागे. माझ्या घरावरून पुढे गेलो. माझं दार उघडंच राहिलं होतं. डावीकडचीने दार उघडलं. उजवीकडची तिच्या भाषेत काहीतरी बोलली, थोडकंच, आणि डबा दिला. डावीकडचीने झाकण काढून आत बघितलं, वास घेतला. मग ती माझ्याकडे वळली आणि तशीच उभी राहिली, दारात, वाट अडवून.

"आणि तू काय आणलंस?" तिने विचारलं.

माझे हात रिकामे होते. सगळ्या रांगेला रीत शिकवणारी मी, तिच्या दारात रिकाम्या हाताने उभी होते. "माझं चुकलं गं," मी म्हटलं. तोंडातून मराठीच आलं. दोघी बघत राहिल्या. पहिल्यांदा मी काय बोलतेय ते त्या दोघींना कळत नव्हतं.

"इंग्रजीत," डावीकडची म्हणाली.

मग मी इंग्रजीत बोलले. मराठीत तीनच शब्दांत उरकलं होतं, इंग्रजीत सगळं बोलावं लागलं. ब्रेड कुणाचा होता, नाव सांग म्हणाली होती, मी का सांगितलं नाही, आणि फाटकं बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा. ते सांगायची गरज नव्हती. पण एकदा निघालं म्हटल्यावर निघालं. डावीकडची सगळं ऐकून घेईपर्यंत हलली नाही. मग बाजूला झाली आणि म्हणाली, बूट काढ, तुझा तिसरा कप राहिलाय.

हॉर्न पुढे पुन्हा सुरू झाला, कधी एकदा, कधी दोनदा. डबा मात्र तिने मला परत दिला नाही. आईचं नाव घातलेला माझा डबा आता त्या दोघींच्या घरांमध्ये फिरतो, माझ्या दारावरून, आणि मला अजूनही पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू. मधूनमधून माझ्याकडेही येतो. भरलेला असतो. तरी दर वेळी झाकण काढायच्या आधी मी तो कानाजवळ नेऊन हलवून बघते.